लांब म्हणजे किती लांब?

लेकीला नर्सिंगच्या पुढच्या शिक्षणासाठी फिलाडेल्फियाला प्रवेश मिळाला आणि आमच्या मुरबाडच्या घरात पहिला प्रश्न निघाला तो अंतराचा. तिने मोबाइलवर बघून सांगितलं, मुंबई ते न्यूयॉर्क साधारण साडेबारा हजार किलोमीटर. थेट विमान असेल तर पंधरा-सोळा तास, पुढे दोन-अडीच तास रस्त्याने. तरी माझं आपलं एकच, लांब आहे गं बाई! हो काही म्हणवेना.

त्या रात्री मला डॉ. आनंदीबाई जोशी आठवल्या. आमच्या शेजारच्याच की, कल्याणच्या! मुरबाडहून एसटीने तासाभराची वाट. १८६५ सालचा जन्म, माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न. नवरा गोपाळराव वीसेक वर्षांनी मोठे, पोस्टात नोकरीला. बायकोने शिकलंच पाहिजे हा त्यांचा हट्ट, आणि त्यापायी या पोरीने मारही खाल्ला. चौदाव्या वर्षी मुलगा झाला, तो दहा दिवसांत गेला. बायकांना तपासायला बाई डॉक्टर हवी, हे त्यांच्या मनाने घेतलं.

नवऱ्याच्या बदल्यांमागे फिरत त्या बंगालपर्यंत पोचल्या. परदेशी जाणार म्हटल्यावर लोकांनी नावं ठेवली. तेव्हा सेरामपूरला भरसभेत उभं राहून आपण का जातोय ते त्यांनी स्वतः सांगितलं. ७ एप्रिल १८८३ ला कोलकात्याहून बोटीत बसल्या. वय अठरा, नवरा मागे, सोबतीला परक्या देशाच्या बायका. इंग्लंडमार्गे न्यूयॉर्कला पोचल्या ४ जूनला. अठ्ठावन्न दिवस! तिथे त्यांना घरी नेलं कार्पेंटर मावशींनी. तोवर दोघींची ओळख होती ती नुसती पत्रांतून.

फिलाडेल्फियाच्या महिला मेडिकल कॉलेजात थंडी आणि जेवणाचे हाल सोसत त्या शिकल्या. ११ मार्च १८८६ ला एम.डी. झाल्या. कोल्हापूरच्या दवाखान्यात बायकांचा विभाग त्यांची वाट पाहत होता. पण नोव्हेंबरात मुंबईला उतरल्या त्या क्षयाने पोखरलेल्या. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. बावीस वर्षंही पुरी नव्हती. कोल्हापूरला रुजू होणं राहूनच गेलं. त्यांची रक्षा मात्र पुन्हा तोच समुद्र ओलांडून कार्पेंटर मावशींकडे गेली. न्यूयॉर्कजवळच्या पोकीप्सी गावात त्यांची समाधी आहे.

माझं माहेर शहापूर तालुक्यातलं, डोंगराकडचा पाडा. माझी धाकटी आत्या बाळंतपणात अडली, तेव्हा चौघांनी तिला डोलीत घालून रस्त्याकडे नेलं. पाच-सहा किलोमीटरची पायवाट, त्यात पाऊस. रस्ता लागायच्या आधीच ती गेली. आजही पावसाळ्यात आपल्याकडच्या काही पाड्यांवरून अशी डोली निघते. मग लांब कुठलं म्हणायचं, मैत्रिणींनो? ते साडेबारा हजार किलोमीटर, की आत्याचे हे पाच-सहा?

सकाळी माळ्यावरची मोठी बॅग काढून मी उन्हात ठेवली. लेक बघतच राहिली. तिला एवढंच सांगितलं, जा, पण जेवणाखाण्याची हेळसांड करू नकोस. आणि शिकून झालं की एकदा पाड्यावर चल, आजी वाट बघत्येय.