येडशीचा रेल्वेमार्ग ते कुर्ल्याची मोटार

फियाट 1100 या मोटारीचा गिअरचा दांडा चालकाच्या पायाशी नसून स्टिअरिंगच्या खांबाला जोडलेला असे. हाताची हालचाल तेथून सळया आणि सांधे ओलांडत गिअरपेटीपर्यंत पोहोचायची. सांध्यांतील बुश झिजले की दांडा सैल होई आणि गिअर बदलताना हात लांबवर न्यावा लागे. वेगाच्या शौकिनांना हे खपत नसे. कुशल मिस्त्रीकडून ते ही जोडणी काढून टाकत आणि आखूड दांडा थेट गिअरपेटीवर बसवून घेत. मधले सांधे गेल्याने ढिलाई जाई. दांड्याचा टेकू थोडा वर घेतला की हाताचा फेरा आणखी कमी होई, मात्र जोर अधिक लावावा लागे. स्पोर्ट्स कार परवडणे ज्यांच्या आवाक्याबाहेर होते, त्यांची स्पोर्ट्स कार हीच. मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवरील शर्यतींतही फियाट धावल्या. ही मोटार ज्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होई, तो उभारणारे वालचंद हिराचंद मात्र ती रस्त्यावर येण्यापूर्वीच जग सोडून गेले होते.

वालचंदांचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 रोजी सोलापुरात, व्यापार आणि सावकारी करणाऱ्या गुजराती दिगंबर जैन कुटुंबात झाला. मुंबईचे सेंट झेवियर्स आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज पाहूनही त्यांना पदवी मिळाली नाही. घरच्या पेढीत त्यांचे मन रमेना. अशा वेळी रेल्वेत कारकुनी केलेले लक्ष्मण बळवंत फाटक त्यांना भेटले. एकाच्या हाती भांडवल, दुसऱ्याच्या हाती कामाची माहिती. दोघांनी कंत्राटदारी सुरू केली आणि पहिले काम मिळाले ते बार्शी लाइट रेल्वेचे.

अडीच फूट रुंदीची ही चिमुकली रेल्वे 1897 मध्ये बार्शीपर्यंत आली होती. पुढे ती निजामाच्या मुलखात, आजच्या धाराशिव जिल्ह्यात शिरणार होती. बालाघाटचा डोंगर चढून येडशी, तेथून तडवळे आणि अखेर 1911 मध्ये लातूर, असा तिचा प्रवास झाला. गंमत म्हणजे जिल्ह्याचे ठाणे या मार्गावर नव्हतेच. धाराशिव शहराला गाडी मिळाली ती एकविसाव्या शतकात, मार्ग रुंद झाल्यावर. येडशीच्या या परिसरातील मातीकामात वालचंदांना आपला धंदा सापडला. मुरूम किती, मजूर किती, खडी कोठून येणार आणि पावसाळ्यापूर्वी भराव पुरा होईल का, हे हिशेब ते पेढीवर शिकले नव्हते. पुढे बोरघाटातील बोगद्यांपर्यंत त्यांची कंत्राटे पोहोचली, पण सुरुवात या अरुंद रुळांची.

1919 मध्ये त्यांनी नरोत्तम मोरारजी आणि इतर भागीदारांसह सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. त्यांचे लॉयल्टी हे जहाज त्याच वर्षी 5 एप्रिलला मुंबईहून लंडनकडे निघाले. हा दिवस आता राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. बड्या ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून नव्या कंपनीची कोंडी केली, तरी ती टिकली. जहाजे, साखर, बांधकाम असा व्याप वाढत गेला. वालचंदांचे टीकाकार म्हणत की त्यांच्या योजना नेहमी हातातल्या पैशापेक्षा मोठ्या असतात. त्यात तथ्य होते.

मोटारीच्या बाबतीत तर ते अधिकच खरे ठरले. भारतात मोटारी तेव्हाही दिसत. जनरल मोटर्सने 1928 मध्ये मुंबईत शिवडीला कारखाना घातला होता, पण तेथे चालत असे ती जुळणी. परदेशातून पेट्यांत आलेले भाग एकमेकांना बसवायचे आणि गाडी बाहेर काढायची. गिअरपेटीतले एक चाकही येथे कातले जात नसे. मोटार येथेच बनवावी ही योजना सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी 1930 च्या दशकात मांडली. वालचंदांनी ती उचलली आणि 1939 मध्ये त्यासाठी अमेरिका गाठली. फोर्डशी बोलणी फिसकटली. क्रायस्लरने मात्र सहकार्याचा करार केला.

अडचण दिल्लीत होती. महायुद्ध सुरू झाल्यावर सैन्याला वाहनांची गरज होतीच, मग कारखाना आत्ताच का नको, असा वालचंदांचा सवाल असे. सरकारच्या लेखी मोटारनिर्मिती युद्धकाळाला आवश्यक उद्योग नव्हती आणि परकीय चलनही मोकळे होणार नव्हते. याच काळात बंगळुरूला त्यांनी विमान कारखाना काढला (डिसेंबर 1940), त्याला मात्र मान्यता मिळाली आणि 1942 मध्ये सरकारने तो स्वतःकडेच घेतला. विशाखापट्टणमच्या जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला 1941 मध्ये राजेंद्रप्रसादांच्या हस्ते बसली. विमान आणि जहाज जमले, मोटार तेवढी अडली!

अखेर 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची नोंदणी झाली आणि 1947 मध्ये कुर्ल्यातून पहिली वाहने बाहेर पडली. डॉज, प्लिमथ ही नावे अमेरिकेची होती, सुरुवातीचे बहुतेक भागही. ज्या जुळणीला त्यांनी नावे ठेवली, तिच्याचपासून त्यांनाही आरंभ करावा लागला. फरक होता तो पुढच्या आखणीत. एकेक भाग येथे ओतायचा, कातायचा, घडवायचा आणि आयातीची पेटी वर्षागणिक हलकी करायची, असे ते धोरण होते. पुढे 1953 मध्ये टॅरिफ कमिशननेही हीच दिशा दिली. निर्मितीचा कार्यक्रम असणाऱ्यांनाच येथे वाव मिळणार, हे ठरल्यावर जनरल मोटर्सने शिवडीतील काम गुंडाळले.

तो निर्णय आपल्या बाजूने लागलेला पाहण्याइतकी प्रकृती वालचंदांना लाभली नाही. पक्षाघाताच्या झटक्यानंतर 1950 मध्ये ते कारभारातून निवृत्त झाले. पत्नी कस्तुरबाईंनी त्यांची शुश्रूषा केली. 8 एप्रिल 1953 रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. फियाटशी करार 1951 मध्येच झाला होता. बंधू लालचंद यांच्या काळात, 1954 पासून, फियाट 1100 कुर्ल्यात तयार होऊ लागली. तीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून 2023 पर्यंत रस्त्यावर राहिली.

बहुतेक टॅक्सीचालक अखेरपर्यंत खांबावरच्या दांड्यानेच गिअर बदलत. पुढच्या बाकावर आणखी एक प्रवासी बसण्याची सोय त्याच दांड्यामुळे राहत असे.