अरण्यातील शांततेचे राखणदार

अमेरिकेतील मिनेसोटा राज्य आणि कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांत यांच्या सीमेवर सरोवरांचा एक विस्तीर्ण प्रदेश पसरलेला आहे. एका सरोवरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी होडी वल्हवीत तेथे दिवसचे दिवस प्रवास करता येतो. खडकाळ काठ, पाईन व स्प्रूस वृक्षांची दाट राई, पाणी प्यावयास येणारे मूस नावाचे थोरले हरिण आणि संध्याकाळी पाण्यावरून घुमत येणारा लून पक्ष्याचा स्वर, हे या प्रदेशाचे वैभव होय. येथील होडीला कॅनू म्हणतात. ती निमुळती आणि हलकी असते. दोन सरोवरांमध्ये जमीन आडवी आली म्हणजे प्रवासी ती पालथी करून खांद्यांवर घेतो आणि पायवाटेने पलीकडच्या पाण्यापर्यंत नेतो. तेथील मूळ रहिवासी ओजिब्वे लोक पिढ्यान्‌पिढ्या याच वाटांनी ये-जा करीत आले. या प्रदेशाची शांतता अभंग राहावी म्हणून ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्यांचे नाव सिगर्ड ऑल्सन.

ऑल्सन यांचा जन्म ४ एप्रिल १८९९ रोजी शिकागो शहरी झाला. त्यांचे वडील स्वीडनहून आलेले धर्मोपदेशक होते. सिगर्ड यांचे बालपण विस्कॉन्सिन राज्याच्या उत्तर भागात, रानावनांच्या सहवासात गेले. १९२३ साली ते पत्नी एलिझाबेथ यांच्यासह मिनेसोटातील ईली या गावी आले आणि जीवशास्त्र शिकवू लागले. ईली हे लोखंडाच्या खाणींचे गाव. परंतु गावाबाहेर पडताच सरोवरांचा प्रदेश सुरू होई. उन्हाळ्याची सुटी लागली की ऑल्सन वाटाडे होत आणि प्रवाशांना कॅनूतून अरण्यात घेऊन जात. पुढे ते ईलीच्या महाविद्यालयाचे प्रमुख झाले, तरी वल्हे त्यांच्या हातून सुटले नाही.

१९४५ साली दुसरे महायुद्ध संपले आणि या प्रदेशावर एक नवेच संकट आले. पायांच्या जागी तरंगते पोकळ ठोकळे बसविलेली विमाने पाण्यावरून उडत व पाण्यावरच उतरत. ईली हे अशा विमानांचे मोठे ठाणे बनले. जेथे पोहोचण्यास वल्हवणाऱ्याला चार-चार दिवस घाम गाळावा लागे, तेथे विमान अर्ध्या-पाऊण तासात जाऊन उतरू लागले. अरण्याच्या पोटात ज्या थोड्या खाजगी जमिनी होत्या, त्यांवर विश्रामगृहे उभी राहिली. सकाळी विमानाने यावे, भरपूर मासे पकडावे आणि संध्याकाळी परतावे, असा प्रघात पडला. मोठ्या कष्टाने दूरच्या सरोवरी पोहोचलेल्या प्रवाशाच्या डोक्यावरून यंत्राची घरघर जाऊ लागली. रस्ते न बांधता राखलेल्या अरण्यात आता आकाशातूनच रस्ता निघाला होता.

ऑल्सन यांनी हे संकट ओळखले. झाड तोडले तर त्याचा बुंधा तरी मागे दिसतो. शांतता नाहीशी झाली तर तिची खूणही उरत नाही, हे त्यांना कळून चुकले होते. अरण्याची दुर्गमता ही अडचण नसून तेच त्याचे कवच आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. १९४७ साली त्यांनी महाविद्यालयाचा राजीनामा दिला आणि लेखन व अरण्यरक्षण यांना वाहून घेतले. त्यांनी लेख लिहिले, सभांतून भाषणे केली आणि या प्रदेशाविषयीचा एक चित्रपट गावोगावी दाखविला.

हे कार्य सोपे नव्हते, कारण विरोध करणारे लोक परके नव्हते. वैमानिक आणि विश्रामगृहांचे मालक हे त्यांच्याच गावचे होते. त्यांची उपजीविका विमानांवर चाले. म्हातारे आणि दुबळे लोक विमानावाचून ही सरोवरे पाहणार कसे, असाही प्रश्न विचारला जाई. प्रश्न रास्त होता. परंतु विमाने उतरू शकतील अशी सरोवरे अन्यत्र पुष्कळ आहेत, शांत सरोवरे मात्र थोडीच उरली आहेत, असे या चळवळीचे म्हणणे होते.

अखेर १७ डिसेंबर १९४९ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी हुकूम काढला. सीमेवरील या राखीव अरण्यावरून समुद्रसपाटीपासून ४००० फुटांच्या खाली विमान नेण्यास त्यायोगे मनाई झाली. संकटाच्या प्रसंगी व सरकारी कामासाठी सूट होती. जमीनमालकांना काही काळाची सवलत देण्यात आली आणि खाजगी जमिनी विकत घेण्यासाठी १९४८ सालीच कायदा झाला होता. काहींनी हुकूम मोडला. प्रकरण न्यायालयात गेले. १९५३ साली अपील न्यायालयानेही हुकूम वैध ठरविला.

ऑल्सन येथेच थांबले नाहीत. १९५६ साली त्यांचे ‘द सिंगिंग विल्डरनेस’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि ते मोठे लोकप्रिय ठरले. देशातील अरण्यांच्या रक्षणासाठी १९६४ साली जो कायदा झाला, त्यासाठीही ते झटले. मात्र गावातील रोष शमला नव्हता. १९७७ साली सरोवरांवरील यंत्रचलित होड्यांवर बंधने घालण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा ईलीच्या सभेच्या वेळी संतप्त लोकांनी ऑल्सन यांची प्रतिमा फासावर लटकविली. ऑल्सन तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. तरीही ते सभेत उभे राहिले आणि त्यांनी आपले म्हणणे शांतपणे मांडले. पुढच्याच वर्षी नवा कायदा संमत झाला. त्याने बहुतेक सरोवरांवर यंत्रांना बंदी केली. ऑल्सन यांनी ईली मात्र सोडले नाही. १३ जानेवारी १९८२ रोजी, बर्फावरून चालण्याचे जोडे घालून ते घराजवळ फिरावयास गेले असता त्यांना मृत्यू आला.

आज मिनेसोटाच्या बाजूचे हे संरक्षित अरण्य दहा लाख एकरांहून मोठे असून त्यात एक हजाराहून अधिक सरोवरे आहेत. तेथील आतल्या सरोवरांकडे जाणाऱ्याला आजही वल्हे मारावे लागते आणि वाटेत होडी खांद्यांवर घ्यावी लागते. त्या कष्टांच्या शेवटी त्याला लून पक्ष्याचा स्वर स्पष्ट ऐकू येतो.