थॉमस हचिन्सन आणि चोख नाण्याची राखण

कागदी नोटेचें मोल तिच्यामागें असलेल्या वचनावर अवलंबून असतें. तें वचन आपल्या सरकारास पाळावयास लावणारा एक पुरुष अमेरिकेंत होऊन गेला. त्याचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

थॉमस हचिन्सन ह्याचा जन्म बोस्टन शहरीं ता. ९ सप्टेंबर १७११ रोजीं एका व्यापारी कुळांत झाला. १७२७ सालीं तो हार्वर्ड कॉलेजचा पदवीधर झाला व १७३७ सालीं मॅसॅच्युसेट्सच्या प्रतिनिधिसभेंत निवडून आला.

ही वसाहत तेव्हां इंग्लंडच्या अंमलाखालीं होती. लढायांच्या खर्चासाठीं तिनें काढलेल्या नोटा वेळेवर परत घेतल्या गेल्या नाहींत, व त्यांचा भाव उतरत गेला. त्यांत शेजारच्या ऱ्होड आयलंडनें जमिनी गहाण घेऊन नोटा कर्जाऊ देण्याचा सपाटा लाविला. त्यांच्या पाठीशीं रुपें नव्हतें. १७३३ सालीं तेथें एक लाख पौंडांच्या नोटा निघाल्या. त्या न घेण्याचा करार बोस्टनच्या व्यापाऱ्यांनीं केला, पण तो लवकरच मोडला. अशा नोटा देऊन शेजारी बोस्टनचा खरा माल नेत. ठराविक वेतनावर राहणारे धर्मोपदेशक व विधवा नागविल्या जात. कर्जदारांचें मात्र फावे.

१७४५ सालीं वसाहतीच्या फौजेनें फ्रेंचांचा लुईबर्ग किल्ला घेतला. त्या खर्चाची भरपाई म्हणून इंग्लंडनें सुमारें १,८३,६४९ पौंड मंजूर केले. हचिन्सन तेव्हां सभेचा अध्यक्ष होता. ह्या धनानें सर्व नोटा एकदांच फेडून टाकाव्या, अशी त्याची योजना होती. प्रथम ती सभेनें नाकारिली. पण चिकाटीनें त्यानें १७४९ च्या आरंभीं कायदा करून घेतला. सहा शिलिंगांचा स्पॅनिश डॉलर जुन्या नोटांच्या पंचेचाळीस शिलिंगांस द्यावयाचा, असें ठरलें.

परंतु घरांतील केर काढून दार उघडें ठेविलें, तर काय उपयोग? म्हणून शेजारच्या वसाहतींच्या नोटा घेण्यास व देण्यास कायद्यानें मनाई केली. दंड ५० पौंड होता. शिवाय अधिकारपद घेणाऱ्यास अशा नोटा वापरल्या नाहींत अशी शपथ घ्यावी लागे.

लोक खवळले. त्याच वर्षीं हचिन्सन निवडणुकींत पडला. सप्टेंबरांत रुप्याच्या २१७ पेट्या व तांब्याच्या नाण्यांचीं १०० पिंपें बोस्टनला उतरलीं. १७५० सालीं फेड सुरू झाली, आणि चोख नाणें बाजारांत स्थिरावलें.

पुढें तो सरन्यायाधीश व गव्हर्नर झाला. परंतु इंग्लंडच्या सत्तेचा पक्ष त्यानें सोडला नाहीं. स्टँपच्या कराविरुद्ध क्षोभ माजला असतां ता. २६ ऑगस्ट १७६५ रोजीं जमावानें त्याचें घर उद्‌ध्वस्त केलें. १७७४ सालीं तो इंग्लंडला गेला व ३ जून १७८० रोजीं तेथेंच वारला.

स्वातंत्र्याच्या प्रश्नांत आम्ही त्याच्या बाजूचे नाहीं. तथापि विधवेच्या पदरांतील पैसा खरा असावा, म्हणून ज्यानें आपली लोकप्रियता पणास लाविली, त्याचें तेवढें ऋण मान्य करणें न्याय्य आहे, असें आम्हांस वाटतें.