हॅरिएट बीचर स्टो : एका मातेची लेखणी

अमेरिकेंतील गुलामगिरीविरुद्ध लोकमत जागें करणाऱ्यांत एका पाळकाच्या कन्येचें नांव अग्रभागीं येतें. हॅरिएट बीचर हिचा जन्म ता. १४ जून १८११ रोजीं कनेक्टिकट संस्थानांतील लिचफील्ड गांवीं झाला. वडील लायमन बीचर हे नामांकित उपदेशक होते. हॅरिएट पांच वर्षांची असतांनाच तिची आई वारली. थोरली बहीण कॅथरीन हिनें हार्टफर्ड येथें मुलींची शाळा काढली होती. तेथेंच हॅरिएट शिकली व पुढें शिकवूंही लागली.

सन १८३२ मध्यें वडील सिनसिनाटी शहरीं धर्मशिक्षणाच्या एका विद्यालयाचे अध्यक्ष झाले व कुटुंब तिकडे गेलें. हें शहर ओहायो नदीच्या कांठीं वसलेलें आहे. नदीच्या अलीकडे गुलामगिरीस बंदी होती; पलीकडे केंटकी संस्थानांत माणसें गुरांप्रमाणें विकलीं जात. नदी ओलांडून पळून आलेल्यांच्या हकिकती हॅरिएटच्या कानीं पडत. १८३६ सालीं त्याच विद्यालयांतील अध्यापक कॅल्विन स्टो यांच्याशीं तिचा विवाह झाला. त्यांना पुढें सात मुलें झालीं. पगार पुरत नसे. म्हणून घरकाम आटोपून स्टोबाई मासिकांसाठीं गोष्टी लिहीत व संसारास हातभार लावीत.

१८४९ च्या उन्हाळ्यांत शहरांत पटकीची सांथ आली व तींत बाईंचा दीड वर्षांचा मुलगा दगावला. मृत्यूनें नेलेल्या लेंकरासाठीं आपलें काळीज असें तुटतें, मग जिचें लेंकरूं बाजारांत विकलें जातें त्या गुलाम आईचें काय होत असेल, हा विचार त्यांच्या मनांतून जाईना.

पुढच्याच वर्षीं स्टो कुटुंब मेन संस्थानांत राहावयास गेलें. त्याच १८५० सालीं सरकारनें नवा कायदा केला. पळालेल्या गुलामास आश्रय देणाऱ्यास एक हजार डॉलरपर्यंत दंड व सहा महिन्यांपर्यंत कैद ठरली. भुकेल्यास भाकर व निराश्रितास आसरा देणें हा गुन्हा झाला! तेव्हां बाईंनीं लेखणी उचलली. 'अंकल टॉम्स केबिन' ही त्यांची कादंबरी वॉशिंग्टन येथील एका साप्ताहिकांत जून १८५१ पासून क्रमशः छापली गेली. मार्च १८५२ मध्यें ती पुस्तकरूपानें निघाली व पहिल्या वर्षींच अमेरिकेंत तिच्या सुमारें तीन लाख प्रती खपल्या.

गुलामांचे धनी खवळले. हें सारें खोटें आहे असें ते म्हणूं लागले. बाईंनीं रागाचें उत्तर रागानें दिलें नाहीं. कायदे, न्यायालयांतील निकाल व वर्तमानपत्रांतील जाहिराती गोळा करून १८५३ सालीं त्यांनीं पुराव्याचें दुसरें पुस्तकच छापलें.

घरांतील दुःखें मात्र सरलीं नाहींत. १८५७ सालीं कॉलेजांत शिकणारा मुलगा हेन्री नदींत बुडून मरण पावला. १८६१ सालीं उत्तर व दक्षिण संस्थानांत युद्ध पेटलें. त्यांत १८६३ सालीं गेटिसबर्गच्या रणांत दुसरा मुलगा फ्रेडरिक जखमी झाला. अखेर डिसेंबर १८६५ मध्यें राज्यघटनेंत दुरुस्ती होऊन गुलामगिरी समूळ रद्द झाली. ता. १ जुलै १८९६ रोजीं, वयाच्या ८५ व्या वर्षीं, बाई हार्टफर्ड येथें निवर्तल्या.

गुलामगिरी एका पुस्तकानें मोडली असें म्हणतां येणार नाहीं. स्वतः दास्य भोगलेल्यांनीं व असंख्य इतरांनीं त्यासाठीं कष्ट सोसले. टॉमचें चित्र फारच सोशिक रेखाटलें आहे, असा आक्षेप पुढें कृष्णवर्णी लेखकांनींच घेतला, व तो विचार करण्याजोगा आहे. परंतु त्या चळवळीची आंच आपल्या देशापर्यंत पोहोंचली होती. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपलें 'गुलामगिरी' हें पुस्तक अमेरिकेंतील दासांस मुक्त करणाऱ्या सज्जनांस अर्पण केलें.

वाचकहो, स्वतःच्या दुःखानें मनुष्य बहुधा स्वतःपुरताच रडतो. स्टोबाईंनीं मात्र आपल्या अश्रूंतून परक्या आईचे अश्रू ओळखले, व हेंच त्यांच्या लेखणीचें खरें बळ होतें.