तीनदा नापास, तरी मिनी!

मी कॉन्व्हेंटची, तेव्हा मराठी सांभाळून घ्या. एम-थ्रीची केटी लागली आणि मी तीन दिवस मेसमध्ये कोणाशी धड बोलले नाही. त्याच आठवड्यात लायब्ररीत अ‍ॅलेक इसिगोनिसबद्दल वाचलं. मिनी कारचा हा जनक गणितात तीनदा नापास झाला होता!

जन्म १९०६, स्मर्ना, म्हणजे आजचं तुर्कस्तानातलं इझमिर. १९२२ मध्ये युद्धामुळे घरदार सोडून कुटुंब ब्रिटिश जहाजातून माल्टाला गेलं. तिथे वडील वारले. आईबरोबर तो इंग्लंडला आला आणि बॅटरसी पॉलिटेक्निकमध्ये शिकला. गणिताशी त्याचं कधी पटलंच नाही, पण हाताने स्केच काढण्यात मात्र बाप माणूस. १९४८ ची मॉरिस मायनर त्याचीच. प्रोटोटाइप अरुंद वाटला, तर पठ्ठ्याने गाडी उभी मधोमध कापून चार इंच रुंद केली!

१९५६ च्या सुएझ प्रकरणात इंग्लंडमध्ये पेट्रोलचं रेशनिंग आलं. छोटी गाडी हवी होती. १९५७ मध्ये इटलीत फियाटच्या दान्ते जाकोझाने ‘५००’ आणली : ४७९ सीसी, दोन सिलिंडर, एअर-कूल्ड इंजिन मागे. (आपली प्रीमियर पद्मिनी म्हणजे मूळची फियाट ११००, तीही जाकोझाच्याच काळातली.) इसिगोनिसने १९५९ च्या मिनीत ८४८ सीसीचं चार सिलिंडर इंजिन पुढे चक्क आडवं बसवलं आणि गिअरबॉक्स त्याच्याखाली, ऑइल दोघांना एकच. तीन मीटरच्या गाडीत चार माणसं आरामात! सुरुवातीच्या मिनीत पावसाचं पाणी शिरायचं, ते वेगळं.

आज दोन्ही गाड्या जुन्या गाड्यांचे शौकीन जपून ठेवतात. दिसायला मला ५०० जास्त गोड वाटते, पण मॉन्टे कार्लो रॅली तीनदा जिंकली ती मिनीनेच.

इथवर वाचून मी जाम खूश. पण पुढे कळलं, की आडव्या इंजिनाची आयडिया जाकोझाने नंतर सुधारली. १९६४ च्या ऑटोबियांकी प्रिमुलात त्याने गिअरबॉक्स इंजिनाखालून काढून शेजारी लावला, आणि आजच्या बहुतेक छोट्या गाड्या तशाच बनतात. हा जाकोझा तुरीनच्या पॉलिटेक्निकचा रीतसर पदवीधर!

इसिगोनिसला १९६९ मध्ये ‘सर’ किताब मिळाला, १९८८ मध्ये तो वारला. त्याचा मिनीचा फोटो माझ्या टेबलासमोर लावलाय. एम-थ्रीचं पुस्तक त्याच्याच खाली उघडं आहे, पेपर सोमवारी.