डासाचीही दखल घेणारे अल जाहिज

बसरा शहरात कालव्याच्या काठी एक मुलगा मासे आणि रोटी विकायचा. घरची गरिबी, वर्ण काळा आणि डोळे इतके बाहेर आलेले की लोकांनी त्याचे नावच ‘अल जाहिज’ म्हणजे बटबटीत डोळ्यांचा असे पाडले. मूळ नाव अम्र बिन बह्र. जन्म इ. स. ७७६च्या सुमाराचा. पुढे याच टोपणनावाने तो अरबी गद्याचा उस्ताद म्हणून ओळखला गेला.

विक्री आटोपली की जाहिज मशिदीत विद्वानांच्या चर्चा ऐकत बसत. पुस्तके विकत घेणे परवडत नसे, म्हणून पुस्तकांची दुकाने रात्रीपुरती भाड्याने घेऊन ते वाचत, असे सांगतात. पुढे बगदादमध्ये त्यांच्या लेखणीला मान मिळाला.

‘किताब-उल-हैवान’ हा त्यांचा प्राण्यांवरचा सात खंडांचा ग्रंथ. त्यासाठी त्यांनी ॲरिस्टॉटल वाचला, पण त्याचे म्हणणे डोळे मिटून मानले नाही. भटके अरब, शिकारी, गारुडी अशा जाणत्यांना ते विचारत राहिले. त्यांनी प्राण्यांचे एकमेकांशी असलेले नाते मांडले. लांडगा कोल्ह्याला खातो, साप चिमणीला, चिमणी टोळाला, माशी डासाला. आणि तोच इवलासा डास हत्तीच्या जाड कातडीत सोंड खुपसून आपले पोट भरतो! दुबळा आपल्याहून दुबळ्याला खातो, पण बलवानही कुणाच्या तरी तोंडी पडतोच.

त्यांच्या साखळीतल्या काही कड्या आज चुकीच्या ठरतात. मधमाशी माशीची शिकार करते, असे त्यांनी लिहिले; ती तर फुलांतला मध आणि पराग खाते. पण प्रत्येक जीव दुसऱ्याच्या आधाराने जगतो, हे सूत्र पक्के होते. चार्ल्स एल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने अन्नसाखळीचा विचार १९२७ साली मांडला, त्याच्या हजारेक वर्षे आधीची ही गोष्ट.

जाहिज यांच्यासाठी हा श्रद्धेचाही प्रश्न होता. कुरआनात मधमाशी, मुंगी आणि कोळी यांच्या नावाचे अध्याय आहेत. मग विंचू, साप, डास निर्माण झाले ते कशासाठी? जगात चांगले आणि त्रासदायक एकत्र मिसळलेले आहे. त्यातले एकच उरले तर सृष्टीचा गाडा थांबेल, असे उत्तर त्यांनी दिले. डासाच्या पंखातही त्यांना निर्मात्याची हिकमत दिसली.

हा ग्रंथ त्यांनी वजीर इब्न अल जय्यात यांना अर्पण केला आणि पाच हजार दिनार मिळवले, असे म्हणतात. ८४७ साली नव्या खलिफाने याच वजिराचा छळ करून जीव घेतला. बलवानाच्या वर आणखी बलवान असतो, हे दरबारातही खरे ठरले. जाहिज मात्र बचावले.

म्हातारपणी अर्धांगवायू झाला आणि ते बसऱ्याला परतले. हिजरी २५५ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, त्यांचे निधन झाले. अंगावर पुस्तकांची चळत कोसळून ते गेले, अशी आख्यायिका आहे.