विश्लेषण : एका थपडेने ललिता पवार यांची कारकीर्द खरोखर किती बदलली?

खाष्ट सासूला ‘ललिता पवार’ म्हणण्याची पद्धत मराठी घरांत अजून गेलेली नाही. ज्यांनी त्यांचा एकही चित्रपट पाहिलेला नाही, त्यांनाही या नावाचा अर्थ कळतो. समाजमाध्यमांवर दर काही महिन्यांनी त्यांची कहाणी फिरते आणि ती बहुतेक वेळा तीन वाक्यांची असते. देखणी नायिका होती, सहकलाकाराने थोबाडीत मारली, डोळा गेला आणि ती खलनायिका झाली. यातला प्रत्येक तुकडा थोडाथोडा खरा आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष तपासून पाहावा लागतो.

थपडेआधीच्या ललिता पवार कोण होत्या?

१८ एप्रिल १९१६ रोजी नाशिक जिल्ह्यातील येवल्यात त्यांचा जन्म झाला. माहेरचे नाव अंबिका सगुण. वडिलांचा रेशमी व सुती कापडाचा व्यापार होता. येवल्याचे रेशीम आणि पैठणी आजही प्रसिद्ध आहे. घरची स्थिती बरी होती. चित्रपटात काम करण्यासाठी मुलगी घराबाहेर पडावी, असे त्या घरात काहीच नव्हते. तरीही शाळकरी वयातच तिच्या चेहऱ्याला रंग लागला आणि १९२८च्या ‘राजा हरिश्चंद्र’ या मूकपटात ती बालकलाकार म्हणून दिसली. त्या काळात कुलीन घरातील स्त्रिया पडद्यावर यायला धजत नव्हत्या. ज्या येत, त्यांना समाज चांगले म्हणत नसे.

पुढच्या दहा-बारा वर्षांतल्या त्यांच्या कामाकडे लोकप्रिय कहाणीत कोणी फारसे वळून पाहत नाही. १९३२चा ‘कैलास’ हा मूकपट त्यांच्या सहनिर्मितीचा. तेव्हा त्या सोळा वर्षांच्या होत्या. बोलपट आले आणि अनेक मूकपट-नट घरी बसले, कारण आवाज किंवा भाषा साथ देईना. ललिताबाई टिकल्या, कारण त्यांना गाता येत होते. पार्श्वगायन रुळण्याआधीच्या त्या दिवसांत नायिकेने स्वतःच गायचे असे. त्यांचे पती गणपतराव पवार दिग्दर्शक होते आणि त्यांच्या चित्रपटांतून ललिताबाई नायिका म्हणून झळकत राहिल्या. १९३८च्या ‘दुनिया क्या है’ या टॉलस्टॉयच्या कादंबरीवर बेतलेल्या बोलपटाच्या निर्मितीतही त्या होत्या. मराठीत भालजी पेंढारकरांचा ‘नेताजी पालकर’ (१९३९) आणि वि. स. खांडेकरांच्या कथेवरचा मास्टर विनायकांचा ‘अमृत’ (१९४१) हे त्यांच्या नावावर होते. पंचविशीतली ही बाई नायिका होती, गायिका होती, निर्मातीही होती. ‘देखणी नायिका’ एवढ्या दोन शब्दांत ती मावत नाही.

१९४२मध्ये नेमके काय घडले?

चित्रपटाचे नाव ‘जंग-ए-आझादी’. प्रसंगात मास्टर भगवान यांनी ललिताबाईंच्या थोबाडीत मारायची होती. ती खरोखरच जोरात बसली. डाव्या डोळ्याची शीर फुटली आणि चेहऱ्याच्या त्या बाजूला लकवा झाला.

अनेक ठिकाणी लिहिलेले असते की भगवान तेव्हा नवखे होते, म्हणून हात आवरता आला नाही. हे पटण्यासारखे नाही. भगवान आभाजी पालव मूकपटांच्या काळापासून पडद्यावर होते आणि १९३८मध्ये ‘बहादूर किसान’ त्यांनी सहदिग्दर्शकही म्हणून केला होता. गिरणी कामगाराचा हा मुलगा व्यायामाचा, कुस्तीचा शौकीन आणि मारधाडीच्या चित्रपटांत मुरलेला होता. अननुभव हे कारण नव्हे. त्या काळच्या सेटवर खरे मारणे आणि खोटे मारणे यांच्यातली रेघच पुसट होती. उंचावरून उड्या नट स्वतः मारत, हाणामारी अंगावर घेत. थप्पड खरी वाटावी म्हणून खरी मारणे हा त्याच सवयीचा भाग. भगवान यांनी ती मुद्दाम मारली असे म्हणायला काहीही आधार नाही.

अशा इजेने चेहऱ्याचे काय होते?

चेहऱ्याचे स्नायू हलवणारी मुख्य नस कानाजवळून बाहेर येते आणि गालावर पंख्यासारखी पसरते. पापणी मिटणे, भुवई उचलणे, ओठांचा कोपरा वर जाणे हे सगळे तिच्या फांद्यांवर अवलंबून असते. तिला इजा झाली की चेहऱ्याची एक बाजू दुसरीचे ऐकत नाही. हसताना तोंड वाकडे होते, पापणी नीट मिटत नाही. बऱ्याच जणांत सुधारणा होते, पण काहींत थोडा दोष कायमचा राहतो. ललिताबाईंचा चेहरा बराचसा सावरला. डावा डोळा मात्र बारीक राहिला.

व्यापाऱ्याला किंवा शिक्षिकेला एवढ्या दोषाने काही अडले नसते. नायिकेचे अडते. तिचा चेहरा दहा फूट उंच होऊन पडद्यावर येतो आणि दोन डोळ्यांतला फरकही तेवढाच मोठा होतो.

तीन वर्षे त्या घरी होत्या का?

उपचार तीन वर्षे चालले असे सर्वत्र सांगितले जाते. त्यावरून त्या तीन वर्षे पडद्यापासून दूर होत्या असा समज होतो. पण ‘प्रभात’चा ‘रामशास्त्री’ १९४४मध्ये प्रदर्शित झाला आणि त्यात आनंदीबाईंच्या भूमिकेत ललिता पवार आहेत. म्हणजे उपचार आणि काम बरोबरच चालले असले पाहिजे.

ही भूमिका मराठी प्रेक्षकासाठी साधी नव्हती. नारायणराव पेशव्यांच्या खुनाशी जोडलेली, ‘ध’चा ‘मा’ करणारी बाई म्हणून आनंदीबाईंचे नाव लोकांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या होते. इतिहासकारांनी त्या कथेबद्दल शंका घेतल्या असल्या तरी लोकस्मृतीत तीच बसली. ललिताबाईंच्या पुढच्या चाळीस वर्षांच्या कामाचे बी ‘प्रभात’च्या या चित्रपटात दिसते, मुंबईच्या हिंदी पडद्यावर त्यांची सासू अवतरण्याच्या कितीतरी आधी. अपघातानंतर त्यांनी मिळेल ते काम पत्करले असे समजणाऱ्यांनी ‘रामशास्त्री’ जरूर पाहावा. ती पडेल भूमिका नाही.

नुकसानभरपाई मिळाली का?

मिळण्याची सोयच नव्हती. कामावर झालेल्या इजेसाठी १९२३चा कामगार नुकसानभरपाई कायदा होता, पण तो कारखाने, खाणी, रेल्वे अशा ठिकाणच्या मजुरांचा विचार करून केलेला. चित्रपटातला नट त्या अर्थाने कामगार मानला जात नव्हता. नटनट्यांची बळकट संघटना नव्हती, सेटवर विमा नव्हता. त्यातच १९४०च्या दशकात महिन्याच्या पगारावर कलाकार बाळगणाऱ्या स्टुडिओंची पद्धत मोडत चालली होती आणि चित्रपटागणिक करार करणारे नवे निर्माते येत होते. पगारी नटाला आजारपणात निदान कंपनीचा उंबरठा तरी होता. कराराच्या नटाला तोही राहिला नाही. चित्रपट कामगारांच्या नोकरीचे नियमन आणि कल्याणनिधी यांसाठी केंद्राने कायदे केले ते १९८१मध्ये, म्हणजे त्या थपडेनंतर ३९ वर्षांनी.

ज्याचा चेहरा हेच भांडवल, त्याने चेहऱ्याची मोडतोडही स्वतःच सोसायची, हा तेव्हाचा रिवाज.

थप्पड बसली नसती, तर त्या नायिका राहिल्या असत्या का?

फार काळ नाही, असेच म्हणावे लागते. लीला चिटणीस यांना कोणी थप्पड मारली नव्हती. ‘कंगन’, ‘बंधन’, ‘झूला’ या बॉम्बे टॉकीजच्या चित्रपटांच्या त्या गाजलेल्या नायिका. शेवटचा ‘झूला’ १९४१चा. सातच वर्षांनी, १९४८च्या ‘शहीद’मध्ये त्या दिलीपकुमारच्या आई होत्या. दुर्गा खोटे यांचाही प्रवास ‘अयोध्येचा राजा’मधील तारामतीपासून ‘मुघल-ए-आझम’मधील जोधाबाईपर्यंत असाच गेला. तिशी ओलांडलेल्या स्त्रीला हिंदी पडद्यावर दोनच जागा होत्या, आई किंवा सासू. ललिताबाईंना तिथे चार-पाच वर्षे लवकर ढकलले गेले, एवढाच फरक.

पुरुषांचे तसे नव्हते, आणि याचे सर्वांत चांगले उदाहरण खुद्द भगवान आहेत. १९५०मध्ये व्ही. शांताराम यांच्या ‘दहेज’मध्ये ललिता पवार सुनेचा छळ करणारी सासू झाल्या. वय ३४. पुढच्याच वर्षी भगवान यांचा ‘अलबेला’ आला. गीता बाली यांच्याबरोबर ते नायक म्हणून नाचले आणि देश त्यांच्याबरोबर नाचला. ते ललिताबाईंपेक्षा तीन वर्षांनी मोठे होते. ‘श्री ४२०’मध्ये (१९५५) केळी विकणाऱ्या बाईच्या भूमिकेत त्या राज कपूरवर मायेची पाखर घालतात. तो त्यांच्याहून अवघ्या आठ वर्षांनी लहान.

अधू डोळ्याचे त्यांनी काय केले?

सुरुवातीला दोष झाकण्याचा मार्ग होता. कॅमेरा उजव्या बाजूला ठेवायचा, डावीकडे सावली. ललिताबाईंच्या पुढच्या कामात मात्र तो डोळा झाकलेला दिसत नाही. उलट एखाद्या वाक्याआधी त्या डोळा किंचित अधिक मिटतात, मान तिरकी करतात आणि मग बोलतात. प्रेक्षक त्या अर्ध्या क्षणातच सावध होतो. शरीराचा दोष अभिनयाच्या कामी लावणे म्हणजे नुसता तो दाखवणे नव्हे. कधी वापरायचा आणि कधी विसरायला लावायचा, हे कळावे लागते.

काळही त्यांच्या पथ्यावर पडला. स्वातंत्र्यानंतरच्या दशकात एकत्र कुटुंब, हुंडा, सुनेचा छळ हे कौटुंबिक चित्रपटांचे मुख्य विषय होते. हुंडाबंदीचा कायदा १९६१चा, पण पडद्यावर हा वाद आधीपासून रंगला होता. अन्याय दाखवायचा तर अन्याय करणारी हवी. त्यासाठी निर्मात्यांना ललिता पवार हव्या असत. यात एक खोच आहे. हुंडा मागणारे सासरे आणि गप्प बसणारे नवरे प्रेक्षकांनी विसरून टाकले, सगळा राग सासूच्या वाट्याला आला. तो झेलणारा चेहरा ललिताबाईंचा होता.

गुरुदत्त यांच्या ‘मिस्टर अँड मिसेस ५५’मधील स्त्रीहक्कांचा कैवार घेणारी आत्या असो की ‘जंगली’तील शिस्तीची आई, दोन्ही भूमिकांत दरारा तोच, पण त्याला विनोदाची कड आहे. ‘प्रोफेसर’मध्ये (१९६२) तर म्हाताऱ्याच्या वेशातल्या शम्मी कपूरवर भाळणारी कडक पालक त्यांनी केली. कठोर बाईच्या आत लाजणारी बाई दाखवणे अवघड काम. त्या बाईचे हसे न होऊ देता ते करणे त्याहून अवघड. त्यांचे हे काम सासूच्या भूमिकांपेक्षा वरचे आहे.

मिसेस डिसा कोण?

हृषिकेश मुखर्जी यांच्या ‘अनाडी’मधील (१९५९) घरमालकीण. तोंडाने फाडफाड बोलणारी आणि भाडेकरू पोरावर आईसारखी माया करणारी ख्रिश्चन बाई. मुंबईच्या जुन्या वस्त्यांत राहिलेल्यांनी अशी बाई पाहिलेली असते. या भूमिकेसाठी ललिताबाईंना सहायक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले आणि १९६१मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार. ‘आनंद’मध्ये (१९७१) त्याच दिग्दर्शकाने त्यांना रुग्णालयाच्या मेट्रनची भूमिका दिली, तेव्हा आडनाव पुन्हा डिसाच ठेवले. तरीही लोकांच्या लक्षात सासू राहिली. चांगल्या बाईची आठवण ठेवायला प्रेक्षकांना तेवढे कारण नसते.

अखेरचा काळ कसा होता?

गणपतराव पवारांशी झालेला विवाह टिकला नाही. पुढे निर्माते राजप्रकाश गुप्ता यांच्याशी त्यांनी लग्न केले. काम मात्र थांबले नाही. त्यांच्या चित्रपटांची संख्या सातशेच्या घरात सांगितली जाते. साठ वर्षांची कारकीर्द धरली तर वर्षाला साधारण बारा. एवढे काम निवडून करता येत नाही. त्यात सुमार चित्रपट पुष्कळ आहेत, आणि रोजच्या रोज रंग लावून सेटवर जाणाऱ्या नटाचे आयुष्य असेच असते.

२५ जानेवारी १९८७ पासून दूरदर्शनवर रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका सुरू झाली. मंथरा झालेल्या ललिताबाई तेव्हा सत्तर वर्षांच्या होत्या. वाकलेली पाठ, हातात काठी आणि तो बारीक डोळा. ४५ वर्षांपूर्वीच्या इजेसाठी वेगळी रंगभूषा करावी लागली नाही.

अखेरच्या दिवसांत कर्करोगाने त्यांना गाठले. त्या पुण्यात औंधला राहत होत्या. तिथेच २४ फेब्रुवारी १९९८ रोजी त्यांचे निधन झाले. भगवानदादा त्यांच्यानंतर चार वर्षांनी, फेब्रुवारी २००२मध्ये दादरला गेले. ‘अलबेला’च्या यशानंतर घेतलेला जुहूचा बंगला आणि मोटारी केव्हाच हातच्या सुटल्या होत्या. उतारवयात तेही गर्दीच्या नाचात दोन पावले टाकण्यापुरते पडद्यावर येत असत.

मार्च २०२०मध्ये टाळेबंदीत ‘रामायण’ पुन्हा दाखवले गेले, तेव्हा ललिता पवार यांना जाऊन २२ वर्षे झाली होती. घरात अडकलेल्या नातवंडांनी आजी-आजोबांना विचारले, ही म्हातारी डोळा असा का करते?